दानाआधीचे देणे



वैशाखात आमच्या दिंडीची बैठक बसली होती. तंबू किती लागतील, पाण्याचा टँकर कुणाचा, दुपारच्या पंगती कुठे, हे नेहमीचेच विषय. या वर्षी मात्र एक नवे पत्र आले होते. शहरात मोठमोठ्या इमारती बांधणाऱ्या एका कंपनीने एक दिवसाचे अन्नदान आणि दिंडीतल्या प्रत्येकाला रेनकोट द्यायची तयारी दाखवली होती. हा खर्च सामाजिक जबाबदारीच्या निधीतून होईल, असे पत्रात लिहिले होते. मंडपावर कंपनीचा फलक आणि रेनकोटच्या पाठीवर नव्या गृहप्रकल्पाचे नाव, एवढीच अट.

सगळ्यांना आनंद झाला. तेवढ्यात मागे बसलेले एक वृद्ध माळकरी उठले. म्हणाले, "घ्या, बाबांनो. पण माझा नातू त्यांच्याच कामावर बिगारी आहे. त्याची दीड महिन्याची मजुरी मुकादमाकडे अडकली आहे. त्या दिवशी मी पंगतीला बसणार नाही. माझा राग नाही कुणावर, पण घास उतरायचा नाही."

बैठक गप्प झाली. माउली, तुम्ही तिथे असता तर काय म्हटले असते?

आधी हा निधी काय आहे ते समजून घेऊ. २०१३ च्या कंपनी कायद्यातले १३५ वे कलम १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीची आदल्या वर्षी निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक असेल, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के लोकोपयोगी कामांवर खर्च करायचे. शाळा, दवाखाने, पिण्याचे पाणी, भुकेल्याला अन्न, अशी पुष्कळ चांगली कामे या पैशातून उभी राहतात. ज्या आईच्या लेकराला त्या दवाखान्यात औषध मिळाले, तिच्यासमोर उभे राहून या पैशाला नावे ठेवण्याचे धाडस मी करणार नाही. भुकेल्याच्या पोटाला अन्नाबरोबर दात्याचा हेतू पचवावा लागत नाही.

पण याच कायद्याच्या नियमांत दोन गोष्टी लिहिल्या आहेत, त्या वारकऱ्याने ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की, आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेले प्रायोजकत्व या खर्चात धरता येत नाही. म्हणजे माळकऱ्याच्या पाठीवर घरे विकायला काढली, की कायद्याच्याही लेखी ते सामाजिक काम उरत नाही. दुसरी अशी की, दुसऱ्या कायद्याने जे देणे लागूच आहे, ते फेडल्याबद्दल इथे पुण्य मांडता येत नाही. मजुराची मजुरी, त्याच्या डोक्यावरचे हेल्मेट, परांचीचा कठडा ही सगळी देणी आहेत. ती फेडणे म्हणजे दान नव्हे.

आम्ही कंपनीच्या माणसाला मजुरीबद्दल विचारले. तो नम्रपणे म्हणाला, "मुकादम कंत्राटदाराचा आहे. आमचा त्यात संबंध येत नाही." पण कायद्यानेच सांगून ठेवले आहे की, कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ज्याचे काम चालले आहे त्या मूळ मालकाने ती द्यावी. आणि कायदा बाजूला ठेवला तरी एक साधा प्रश्न उरतो. इमारत आपली, नफा आपला, नफ्यातून केलेले दानही आपले, मग ती उभारणारा हात तेवढा परका कसा?

माउली, हा प्रश्न आपल्या संप्रदायाला नवा नाही. पंढरीला महाद्वारी आपण नामदेव पायरीपुढे माथा टेकतो. समोरच चोखोबांची समाधी आहे. ती कुणाची समाधी आहे हे दर्शनाच्या गर्दीत विसरायला होते. ती बांधकामावर गेलेल्या एका मजुराची समाधी आहे. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालले होते. १३३८ साली ते कूस कोसळले आणि चोखोबा इतर मजुरांसह त्याखाली गाडले गेले. परंपरा सांगते की, नामदेवराय तिथे गेले, अस्थींना कान लावला आणि ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या अस्थी पंढरीला आणल्या.

त्या कुसामुळे गाव सुरक्षित झाले असेल. पण त्याच्या आत राहण्याचा हक्क चोखोबांना नव्हता, आणि देवळातही त्यांना प्रवेश नव्हता. त्यांच्याबरोबर गेलेल्या बाकीच्या मजुरांची नावेही आज आपल्याला ठाऊक नाहीत. नामदेवराय त्या ढिगाऱ्यापाशी अन्नछत्र घालायला गेले नाहीत. कोण गेला, हे शोधायला गेले. दान देणारा हात मोठा खराच. पण ढिगाऱ्याला लावलेला तो कान मला त्याहून मोठा वाटतो.

तुकोबारायांचेही असेच आहे. परंपरा सांगते की, त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली. आपले येणे सोडून देणे ही फार वरची पायरी झाली. दान ही त्याखालची. आणि सगळ्यांत खालची, जिच्यावाचून वर चढताच येत नाही, ती म्हणजे दुसऱ्याचे देणे फेडणे. खालची पायरी ओलांडून मधल्या पायरीवर फलक लावला, तर तो कितीही मोठा असो, त्याखाली पोकळीच राहते.

आता कंपनीकडे दाखवलेले बोट जरा आपल्याकडे वळवू. घराचे काम काढले की गवंड्याचे शेवटचे पैसे आपणही 'पुढच्या आठवड्यात' म्हणून लांबवतो. धुणेभांडी करणाऱ्या बाईचा एक खाडा कापतो, आणि त्याच महिन्यात देवळाच्या देणगीफलकावर आपले नाव नीट लागले की नाही ते बघून येतो. कंपनीला निदान २ टक्क्यांचा हिशेब छापावा लागतो. आपला हिशेब कोण मागतो?

आमच्या बैठकीने उत्तर लिहिले, ते असे: "आपल्या कामावरच्या मजुरांची थकलेली मजुरी चुकती करावी. मग आपल्या पंगतीला आम्ही आनंदाने बसू, आणि तो नातू सुट्टी काढून आला तर पहिले पान त्याचे वाढू. रेनकोटवर नाव नको." पत्राचे उत्तर अजून आलेले नाही. नाही आले तर त्या दुपारी आम्ही आमची पिठले-भाकरी खाऊ. पाऊस आला तर नेहमीसारखे प्लास्टिकचे कागद पांघरू.

तुमच्या दिंडीलाही असे पत्र येईल. ते फाडू नका, देणाऱ्याचा अपमानही करू नका. फक्त बैठकीत मागच्या रांगेला एकदा विचारा की, यांच्याकडे कुणाचे काही राहिले आहे का? आणि पंढरीला पोहोचलात की महाद्वारी चोखोबांपाशी क्षणभर थांबा. घरी कुणाची मजुरी द्यायची राहिली आहे, ते तिथे आठवून पाहा.

रामकृष्णहरी.