विद्यावेतनाचे ऋण

विद्यावेतनावर संशोधन करणारा विद्यार्थी कोणाचा ऋणी? कायद्याने पाहू गेल्यास, ज्याने पैसा दिला त्याचा. 2023 पासून केंद्र सरकारच्या कनिष्ठ संशोधनवृत्तीचा दर दरमहा 37,000 रुपये आहे. विद्यार्थ्याने प्रबंध सादर केला की हिशेब मिटतो.

आमच्या संकेश्वरची जवारी मिरची घ्या. लांब, बारीक अशी ही मिरची गडहिंग्लजच्या बाजारात संकेश्वरी म्हणूनच विकली जाते. तिचे बी प्रयोगशाळेत जन्मलेले नाही; शेतकरी घरांनी चांगली फळे निवडून ते पिढ्यान्‌पिढ्या राखले. उद्या धारवाडच्या कृषी विद्यापीठातील एखाद्याने त्या बियांवर पीएच.डी. मिळविली, तर या घरांचे नाव कोणत्या हिशेबात?

2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने थोडी सोय केली आहे. कलम 39 शेतकऱ्यास बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क देते. कलम 41 अन्वये नव्या वाणाच्या घडणीतील गावाच्या वाट्याबद्दल दावाही लावता येतो. वकिली पेशामुळे आम्हांस या कलमांचे कौतुक आहे. परंतु दावा चालतो तो वाणावर, प्रबंधावर नव्हे.

मग विद्यार्थ्यास करारानेच बांधावे काय? सयाजीराव गायकवाडांनी 1913 साली आंबेडकरांना कोलंबियास पाठविले, ते दहा वर्षे बडोद्याची चाकरी करण्याच्या अटीवर. 1917 मध्ये ते रुजू झाले. पण जातीपायी त्यांना राहावयास जागा मिळेना, आणि बडोदे सोडावे लागले. पुढल्याच वर्षी हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवरील त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. जमिनीचे तुकडे जोडून भागणार नाही, शेतीवरील जादा माणसांना उद्योगधंद्यांत काम दिले पाहिजे, असे त्यांनी त्यात मांडले. अट अपुरी राहिली हे खरे. ऋण राहिले असे म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही.

आपल्या धर्मशास्त्रातील ऋषिऋण याच जातीचे. ते ऋषींना काही परत करून फिटत नाही. अध्ययन करावे, पुढल्यास शिकवावे, तेव्हा फिटते. कोणी म्हणतील, शुद्ध संशोधनास गावाच्या उपयोगाचे जू कशाला? आम्हीही उपयोग मागत नाही, सांगणे मागतो. जे आढळले ते, नावडते असले तरी, ज्यांचे बी नेले त्यांना कानडीत वा मराठीत सांगावे. इंग्रजी प्रबंध त्यांच्या घरी पोचत नाही.

आपली कित्येक देवस्थाने शाळा-कॉलेजच्या मुलांस मदत करतात. तीच मदत शेतीसंशोधकास मिळाली, तर चाकरीची अट नको. देवळाच्या सभामंडपात एक संध्याकाळ त्याने शेतकऱ्यांपुढे उभे राहावे, आणि त्यांच्या प्रश्नांस उत्तरे द्यावीत.