दानपेटीसमोर बसलेला प्रभू

(मननासाठी : मार्क १२:३८-४४ आणि १३:१-२, नेहम्या १३:१०-१३)



गरीब विधवेच्या दोन नाण्यांचा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. हा उतारा आला की धर्मगुरू दानाविषयी बोलणार, हे तुम्हांला ठाऊक असते. मीही अनेकदा तसेच बोललो आहे. पण आज हा उतारा थोडा मागून आणि थोडा पुढून वाचू या.

विधवा येण्याआधी प्रभू येशू शास्त्र्यांविषयी बोलत आहे. लांब झगे घालून मिरवणारे, लांबलचक प्रार्थना करणारे हे लोक विधवांची घरे गिळून टाकतात, असे तो म्हणतो. लगेच तो भांडारासमोर जाऊन बसतो आणि कोण काय टाकते ते पाहतो. श्रीमंत पुष्कळ टाकतात. विधवा तिची सगळी उपजीविका टाकते. त्यानंतर मंदिरातून बाहेर पडताना एक शिष्य म्हणतो, गुरुजी, हे दगड किती भव्य, ही बांधकामे किती सुंदर! प्रभू त्या सौंदर्याने भारावून जात नाही. दगडावर दगड राहणार नाही, असे तो सांगतो.

तीन गोष्टी एकामागून एक आल्या आहेत : गिळलेली घरे, विधवेची नाणी आणि सुंदर इमारत. शिष्याचे डोळे इमारतीवर आहेत. प्रभूचे डोळे अजून त्या पेटीवर आहेत. तो विधवेच्या मनाची थोरवी सांगतो, पण तिच्या घासावर उभे राहिलेले सौंदर्य पाहून तो खूश झाला, असे शुभवर्तमानात कोठेही लिहिलेले नाही.

माझी एक चूक

आता मी तुमच्यापुढे एक गोष्ट कबूल करतो. काही वर्षांपूर्वी, मी दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, गायनवृंदासाठी कीबोर्ड घ्यायचा होता. सणाच्या दिवशी सोडत काढायचे ठरले. वीस रुपयांचे कूपन आणि पहिले बक्षीस शिलाई मशीन. कूपनांची पुस्तके मी धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना वाटली. जास्त कूपने खपवणाऱ्याला बक्षीस, असेही मीच जाहीर केले.

टोमॅटोच्या तोडणीला जाणाऱ्या एका बाईने पाच कूपने घेतली. तिला शिलाई मशीन हवे होते. रविवारी मी वेदीवरून तिचे कौतुक केले, हातावर पोट असूनही पाहा किती देते ती! सोडतीत मशीन पाहुणे म्हणून आलेल्या एका सुखवस्तू गृहस्थांना लागले. सर्वांनी टाळ्या वाजवल्या, तिनेही वाजवल्या. कीबोर्ड आला आणि आजही त्यावर छान सूर निघतात.

पुढे ती मला एकदा म्हणाली, "फादर, त्या आठवड्यात किराणा उधारीवर आणला, पण नशिबात नव्हतं." तक्रारीच्या सुरात नाही, सहज म्हणाली. मला मात्र तेव्हा कळले की मी दान मागितले नव्हते, मी तिची आशा विकत घेतली होती. दानात देणाऱ्याला आपण काय देतो ते माहीत असते. मी तिला मशीनचे स्वप्न दाखवले आणि पैसे कीबोर्डाकडे वळवले.

या वर्षी आपल्या गायनवृंदाला हार्मोनियम व ढोलकी हवी आहे आणि धर्मग्राम समितीत पुन्हा सोडतीचा विषय निघाला आहे, म्हणून हे सांगतो.

गायक शेतात का गेले?

कोणी म्हणेल, फादर, मग कलेला पैसा आणायचा कोठून? प्रश्न रास्त आहे. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या लोकांना तर तो कोणी शिकवायला नको. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. पाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात, यात्रेसाठी सुपारी ठरते. दसऱ्याला बाहेर पडलेले फड उन्हाळ्याच्या अखेरीस परततात आणि मग पावसाळ्यात तीच माणसे मजुरीला जातात. फडमालकाने सावकाराकडून कर्ज काढलेले असते, कलावंताने फडमालकाकडून उचल घेतलेली असते. २०२० आणि २०२१ साली कोरोनामुळे यात्राच झाल्या नाहीत, तेव्हा या घरांत चूल कशी पेटली असेल याची कल्पना करा.

तमाशा म्हटले की आपल्यापैकी काही जण नाक मुरडतात. पण विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे नाव महाराष्ट्र विसरणार नाही. पोटात कळा सुरू असताना त्या बोर्डावर नाचल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर उभ्या राहिल्या, ही हकीकत आपल्याकडची वडीलधारी माणसे आजही सांगतात. १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. १५ जानेवारी २००२ रोजी त्या वारल्या, तेव्हा रुग्णालयाचे बिल देणगीदारांच्या पैशांतून भागवावे लागले. २००६ पासून राज्य शासन त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते. पुरस्कार चांगलाच आहे. पण सन्मान आणि औषधाचे पैसे एकाच माणसाला एकाच वेळी का मिळू नयेत?

पवित्र शास्त्रात नेमका हाच प्रसंग आहे. नेहम्या यरुशलेमेस परत आला, तेव्हा मंदिरातील लेवी आणि गायक जागेवर नव्हते. त्यांचा ठरलेला वाटा त्यांना मिळाला नव्हता, म्हणून ते आपापल्या शेतात निघून गेले होते. नेहम्या गायकांना दोष देत नाही. तो अधिकाऱ्यांना जाब विचारतो, गायकांना परत बोलावतो, लोकांना धान्याचा दशांश आणायला सांगतो आणि वाटणी करण्यासाठी विश्वासू माणसे नेमतो. गायकाची भाकरी ही कोणाच्या मर्जीची गोष्ट नाही. कामकरी आपल्या मजुरीस योग्य आहे, हे प्रभूनेही सांगितले आहे (लूक १०:७).

चिठ्ठी आणि लॉटरी

आता लॉटरीचे पाहू. महाराष्ट्र राज्य लॉटरी १२ एप्रिल १९६९ रोजी सुरू झाली. मटक्याच्या बेकायदा जुगारातून लोकांना बाहेर काढावे आणि तो पैसा लोककल्याणासाठी यावा, असा हेतू सांगितला गेला. १९९८ च्या केंद्रीय कायद्यानुसार तिकीटविक्रीची रक्कम राज्याच्या सरकारी खात्यात जमा व्हावी लागते. केरळ राज्याने २०११ मध्ये कारुण्य नावाची लॉटरी गरिबांच्या औषधोपचारासाठी काढली. इंग्लंडमध्ये १९९४ पासून राष्ट्रीय लॉटरी आहे आणि तिच्यातील ठराविक वाटा नाट्यगृहे, संगीत, चित्रकला यांना मिळतो. आपली ख्रिस्तसभाही यापासून दूर नव्हती. १७८३ मध्ये पोर्तुगालच्या राणीने लिस्बनच्या मिसेरिकॉर्दिया या दयाकार्य करणाऱ्या संस्थेला लॉटरी काढायची परवानगी दिली. तो पैसा रुग्णालयाला, टाकून दिलेल्या बालकांना आणि विज्ञान अकादमीला जात असे.

म्हणजे चांगल्या कामासाठी लॉटरी, ही कल्पना जुनी आहे. ती पाप आहे का? ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ (क्र. २४१३) सरसकट तसे म्हणत नाही. नशिबाचा खेळ स्वतःहून अन्यायकारक नसतो. पण माणसाच्या स्वतःच्या किंवा त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांच्या गरजेचा पैसा त्यात जाऊ लागला, की तो नीतीला धरून राहत नाही. त्याचे व्यसन माणसाला गुलाम करू शकते, असा इशाराही तेथे आहे.

शास्त्रातही चिठ्ठ्या टाकल्या जातात. यहूदाच्या जागी मथ्थिया चिठ्ठीने निवडला गेला (प्रेषितांची कृत्ये १:२६). मंदिरातील गायकांच्या पाळ्याही चिठ्ठ्या टाकून ठरल्या (१ इतिहास २५:८). त्या चिठ्ठीने सेवा वाटून दिली, कोणाच्या खिशातून काही काढले नाही. दुसरी चिठ्ठी क्रुसाखाली पडली. शिपायांनी प्रभूच्या अंगरख्यासाठी ती टाकली (योहान १९:२४). तेथे एकाला लाभ झाला, कारण दुसरा उघडा पडला होता. आपली चिठ्ठी या दोहोंपैकी कोणती, हे प्रत्येक वेळी विचारले पाहिजे.

एसटी स्टँडजवळच्या टपरीवर तिकीट घेणारा कोण असतो ते आठवा. ज्याच्या नावावर बागायत आहे, तो सहसा तेथे उभा नसतो. ज्याला पुढच्या महिन्याचे हप्ते दिसत असतात, तो उभा असतो. कित्येकदा तमाशातला म्हातारा ढोलकीवालाच तेथे उभा असतो. त्याच्या खिशातले पैसे तिजोरीत जायचे आणि तिजोरीतून कलावंतांना मदत म्हणून थोडे परत यायचे, असे होत असेल तर त्याला उपकार म्हणता येणार नाही.

मग कलावंताने सरकारी मदत नाकारावी का? मुळीच नाही. तिजोरीत गेलेल्या पैशावर कोणाचे नाव राहत नाही. त्यात करही असतो, लॉटरीही असते. यहूदाने फेकलेली नाणी याजकांनाही भांडारात टाकवेनात. शेवटी त्यातून परक्यांना पुरण्यासाठी शेत घेतले गेले (मत्तय २७:६-७). पैसा कोठून आला याचा जाब तो गोळा करणाऱ्याने द्यायचा असतो. गरिबाने आपला हक्काचा वाटा घेताना मान खाली घालू नये. उलट ज्या पैशात गरिबाचा घाम जास्त, त्याची वाटणी अधिक चोख आणि अधिक उघडपणे झाली पाहिजे. नेहम्याने विश्वासू माणसे नेमली, ती याच कारणासाठी.

बसालेलची गोष्ट

कलेसाठी पैसा उभा करण्याची एक सुंदर रीत निर्गम ग्रंथात आहे. निवासमंडप उभारायचा होता. देवाने बसालेल नावाच्या कारागिराला आपल्या आत्म्याने भरले. सोने, रुपे, पितळ, लाकूड यांवर काम करण्याचे कौशल्य त्याला दिले. मग मोशेने लोकांना सांगितले, ज्याला मनापासून वाटेल त्याने आणावे. कोणी सोने आणले, कोणी सूत कातून आणले. शेवटी इतके झाले की आता पुरे, आणखी आणू नका, असे मोशेला छावणीत जाहीर करावे लागले (निर्गम ३६:५-७). तेथे बक्षीस नव्हते, म्हणून कोणी हरलेही नाही.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९९ च्या पुनरुत्थान रविवारी कलावंतांना पत्र लिहिले. कलावंताची प्रतिभा ही निर्माणकर्त्या देवाने दिलेली ठिणगी आहे आणि ख्रिस्तसभेला कलेची गरज आहे, हा त्यातला विचार. देवाने दिलेली ठिणगी बोर्डावरच्या विठाबाईंमध्येही होती, आपल्या गायनवृंदातल्या मुलीमध्येही आहे. तिला तेल घालणे आपले काम आहे.

आपण काय करू या?

समितीपुढे मी चार गोष्टी ठेवत आहे. पहिली, मुलांच्या हाती कूपने द्यायची नाहीत आणि दारोदार विक्री करायची नाही. दुसरी, हार्मोनियम व ढोलकीसाठी दाराजवळ एक पेटी राहील. ज्याला जमेल त्याने टाकावे, ज्याला जमणार नाही त्याने लाजू नये. किती जमले ते दर महिन्याला फळ्यावर लिहिले जाईल आणि पुरेसे झाले की मोशेप्रमाणे 'आता पुरे' असेही लिहिले जाईल. तिसरी, सणाला बाहेरून वादक बोलावला तर त्याची बिदागी आधी ठरवायची आणि त्याच दिवशी हातात द्यायची. "देवाचे काम आहे, कमी घ्या" असे म्हणायचे नाही.

चौथी गोष्ट युवकांसाठी. वृद्ध साहित्यिक व कलावंतांसाठी राज्य शासनाची मानधन योजना आहे. २०२४ मध्ये हे मानधन सरसकट महिना ५,००० रुपये करण्यात आले. पन्नाशी ओलांडलेल्या आणि निदान पंधरा वर्षे कलेत घालवलेल्या गरीब कलावंतांसाठी ते आहे. आपल्या शेजारी असा कोणी ढोलकीवाला, सोंगाड्या किंवा गाणारी मावशी असेल. कोणत्याही धर्माची असो, तिला उत्पन्नाचा दाखला, फोटो आणि अर्ज यांत मदत करा. पंचायत समितीत जाऊन चौकशी करा. तुमच्या एका सकाळीने तिचे म्हातारपण थोडे सुसह्य होईल.

सणाच्या दिवशी घरच्या घरी, हसतखेळत हाऊजी खेळायला माझी हरकत नाही. पण गरिबाच्या किराण्यातून आपले संगीत येऊ नये.

बंधूभगिनींनो, प्रभू आजही आपल्या दानपेटीसमोर बसलेला आहे. तो नोटा मोजत नाही. टाकणाऱ्याच्या घरी संध्याकाळी काय शिजले, हे त्याला ठाऊक आहे. आपल्या मंदिरात जे सूर निघतील, ते त्याच्याकडे न लाजता पाहता येतील असे असू देत.

प्रार्थना करू या : हे प्रभू, ज्यांनी गाऊन, नाचून, वाजवून आमच्या यात्रा आणि सण उजळले, त्यांना म्हातारपणी भाकरी आणि मान दे. ज्यांच्या हाती वाटणी आहे, त्यांना विश्वासू ठेव. नशिबाच्या आशेने मजुरी घालवणाऱ्यांना सावर. आणि आम्ही जे सुंदर उभे करू, त्याखाली कोणाचे घर दबू देऊ नकोस. आमेन.