बहुरूप्याच्या आतला साक्षी

एकच माणूस अनेक रूपे घेतो, तेव्हा त्याच्या आत न बदलणारे काही उरते का, हा वेदान्ताचा जुना प्रश्न. नांदेड-लातूरकडच्या खेड्यांत तो बहुरूप्याच्या पायांनी दारात येतो. आज हवालदार, उद्या शंकर, परवा मारुती. हवालदार वॉरंट काढून घरच्यांना दरडावतो. हसू फुटले की पसाभर धान्य मागतो.

ज्ञानेश्वरीत (१२९०) हाच बहुरूपी कर्मयोगाचा दृष्टांत झाला आहे. तिसऱ्या अध्यायात ज्ञानेश्वर सांगतात की बहुरूपी राजा-राणी होतात, मनात स्त्री-पुरुष भाव नसतो, तरी लोकांपुढचे सोंग ते पुरते वठवतात. ज्ञानी माणसाचे कर्मही तसेच. दृष्टांतातले मर्म ‘पुरते’ या अटीत आहे. आतून अलिप्त आहे म्हणून सोंग ढिले करायची मुभा नाही.

चौदाव्या शतकातल्या विद्यारण्यांच्या ‘पंचदशी’त ‘नाटकदीप’ नावाचे प्रकरण आहे. रंगशाळेतला दिवा यजमान, प्रेक्षक, नर्तकी यांना सारखाच उजळतो आणि सगळे निघून गेले तरी जळत राहतो. साक्षी आत्मा तसा. काश्मिरी शैवांचे ‘शिवसूत्र’ मात्र आत्म्यालाच नर्तक म्हणते. तिथे रूप घेणे हा त्याचा स्वभाव ठरतो.

मग भाव भोगतो कोण? काश्मिरी शैव आचार्य अभिनवगुप्तांनी रस प्रेक्षकात मानला. नट म्हणजे नुसते पात्र, भांडे जसे आतल्या पेयाची चव घेत नाही तसे. मराठीत भूमिकेलाही आपण पात्रच म्हणतो. फ्रान्समध्ये तत्त्वज्ञ दिदेरोही याच वाटेने गेला. त्याच्या मृत्यूनंतर, १८३० साली छापल्या गेलेल्या नटविषयक संवादात त्याचे म्हणणे असे, की थोर नट स्वतः विरघळत नाही, तो थंडपणे निरखतो.

मराठवाड्याच्या लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात बावन्न पात्रे एकट्याने उभी केली. एका वऱ्हाड्याचा प्रश्न संपतो न संपतो तोच दुसऱ्याचे उत्तर त्याच तोंडून यायचे. इतक्या अवधीत एका पात्रात बुडून वर येणे अवघडच. मधे कोणीतरी जागे असावेच लागते. साक्षीच्या बाजूने याहून चांगला पुरावा ग्रंथांत मिळणे कठीण.

तरी दृष्टांतात एक गोष्ट राहून जाते. दिव्याला सराव लागत नाही, बहुरूप्याला लागतो. हवालदाराची चाल, वॉरंट वाचतानाचा सूर, कुणाच्या अंगणात किती दरडावायचे, हे तो बापाच्या मागे हिंडत शिकतो. ही विद्या असलेला समाज महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत आहे. कीर्तनात सातशे वर्षे मान मिळाला तो दृष्टांताला. तो ज्याच्यावरून घेतला त्याच्या पदरात पसाभर धान्यच पडले.