बॅबिलोनच्या बागांचा पुरावा

प्राचीन नगरे आणि ऐतिहासिक स्थळे यांविषयीची जी फुटकळ माहिती सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून, प्रश्नमंजूषांतून आणि स्पर्धापरीक्षांच्या तयारीतून पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहते, ती त्रोटक असते याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही, कारण त्रोटकपणा हा त्या प्रकाराचा धर्मच आहे. तक्रार करावी ती अशी की, तिच्यातील सारी विधाने एकाच खात्रीच्या सुरात केलेली असतात. गिझाचा महान पिरॅमिड खुफू राजाने बांधला आणि बॅबिलोनच्या झुलत्या बागा दुसऱ्या नेबुकॅडनेझर राजाने उभारल्या, ही दोन उत्तरे एकाच पानावर एकाखाली एक छापलेली असतात. पहिल्यामागे साडेचार हजार वर्षे उभी असलेली वास्तू आहे आणि दुसऱ्यामागे निर्विवादपणे दाखवता येईल अशी एक वीटसुद्धा नाही, याची पुसटशी जाणीवही ते पान वाचणाऱ्या विद्यार्थ्याला होत नाही.

प्राचीन जगातील सात आश्चर्यांच्या यादीत या बागांची स्थिती सर्वस्वी वेगळी आहे. इफिसस येथील आर्टेमिस देवीच्या मंदिराचा पाया 1869 मध्ये सापडला, ऑलिम्पियात झ्यूसची मूर्ती घडवणाऱ्या फिडियसची कर्मशाळा उत्खननात उजेडात आली आणि अलेक्झांड्रियाच्या दीपस्तंभाचे मानले जाणारे प्रचंड शिलाखंड समुद्रतळाशी आढळले. जागासुद्धा निश्चित झालेली नाही असे आश्चर्य म्हणून बागांचेच नाव पुढे येते, आणि नेमके तेच आश्चर्य सर्वांत जास्त तपशिलाने सांगितले जाते.

हा तपशील येतो कोठून? बेरोसस हा बॅबिलोनमधील मार्दुक देवाचा पुरोहित, त्याने इ.स.पू. तिसऱ्या शतकात आपल्या देशाचा इतिहास ग्रीक भाषेत लिहिला. तो ग्रंथ नष्ट झाला असला, तरी इ.स.च्या पहिल्या शतकातील ज्यू इतिहासकार जोसेफस याने दिलेल्या उताऱ्यावरून असे कळते की, मीडिया या डोंगराळ प्रदेशात वाढलेल्या राणीला माहेरच्या निसर्गाची आठवण होई म्हणून नेबुकॅडनेझरने उंच दगडी गच्च्या बांधून त्यांवर झाडे लावली. डायोडोरस या ग्रीक इतिहासकाराने तर बांधकामाची रीतच नोंदवली आहे: दगडी तुळयांवर डांबरात बसवलेला बोरूचा थर, त्यावर भाजक्या विटांचे दोन थर, त्यावर ओल खाली झिरपू नये म्हणून शिशाचे पत्रे आणि सर्वांत वर मोठ्या वृक्षांची मुळे धरतील एवढी माती. हे वर्णन इतके व्यवहारी आहे की ते केवळ कल्पनेतून आले असावे असे वाटत नाही.

आणि तरीही ज्या राजाच्या नावावर या बागा सांगितल्या जातात, त्याच्या स्वतःच्या लेखांत त्यांचा उल्लेख नाही. नेबुकॅडनेझर (इ.स.पू. 605 ते 562) हा काही संकोची राजा नव्हता, त्याच्या नावाचा ठसा उमटवलेल्या असंख्य विटा बॅबिलोनमध्ये सापडल्या आहेत आणि तटबंदी, वेशी, मंदिरे व राजवाडे आपण कसे बांधले याचे विस्तृत वर्णन करणारे त्याचे शिलालेख उपलब्ध आहेत. इ.स.पू. पाचव्या शतकात बॅबिलोनच्या तटबंदीचे वर्णन अतिशयोक्तीची तमा न बाळगता करणारा हिरोडोटससुद्धा बागांविषयी अवाक्षर काढत नाही. एखाद्या लेखकाचे मौन एरवी पुरावा म्हणून फारसे वजनदार नसते. पण ज्याला सांगण्याची हौस आहे आणि सांगण्याचे कारणही आहे, त्याचे मौन हिशेबात धरावेच लागते.

रॉबर्ट कोल्डेवाय या जर्मन पुरातत्त्वज्ञाने 1899 ते 1917 या काळात बॅबिलोनचे जे उत्खनन केले, त्यात दक्षिण राजवाड्याच्या एका कोपऱ्यात त्याला कमानदार छतांच्या चौदा खोल्या आढळल्या. दगड दुर्मीळ असलेल्या त्या नगरात येथे मात्र विटांबरोबर दगडही वापरलेला होता. शिवाय मध्ये एक चौकोनी आणि दोन्ही बाजूंना दोन लांबट अशी तीन तोंडे असलेली एक विहीर होती, जिच्यावर रहाटगाडगे फिरत असावे असे त्याचे अनुमान होते. दगड, कमानी आणि पाणी वर चढवण्याची सोय या तिन्हींचा मेळ घालून त्याने हाच बागांचा आधार असल्याचे प्रतिपादन केले. परंतु त्याच वास्तूत सापडलेल्या मातीच्या पाट्या पुढे वाचल्या गेल्या आणि त्यांतील काही 1939 मध्ये प्रसिद्ध झाल्या, तेव्हा चित्र पालटले. ओल्या मातीवर बोरूने खुणा उमटवून लिहिण्याच्या कीलाक्षर लिपीतील या पाट्या म्हणजे शिधावाटपाच्या नोंदी होत्या: कोणाला किती तेल द्यायचे, कोणाला किती जव. ज्या लोकांच्या नावे तेल टाकलेले आहे, त्यांत बंदी करून आणलेला ज्यूडाचा राजा यहोयाखीन आणि त्याचे पाच मुलगे आहेत. बागेचा पाया म्हणून ओळखली गेलेली वास्तू बहुधा राजवाड्याची कोठी होती. पण एका पराभूत राजाला बॅबिलोनच्या कोठारातून तेल मिळत होते, ही गोष्ट बायबलमधील कथेला समकालीन कागदोपत्री दुजोरा देणारी, हाताने स्पर्श करता येईल इतकी खात्रीची आहे. आणि सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत तिला सहसा जागा नसते.

दुसरी शक्यता ऑक्सफर्डच्या अभ्यासक स्टेफनी डॅली यांनी मांडली. त्यांच्या मते ही बाग होती, पण ती बॅबिलोनपासून बरीच उत्तरेला, आजच्या मोसूलसमोरील निनेवे या ॲसिरियन राजधानीत, आणि तिचा कर्ता नेबुकॅडनेझरच्या सुमारे शंभर वर्षे आधीचा सेन्नाखेरिब (इ.स.पू. 705 ते 681). या राजाच्या लेखांत मात्र बाग आहे: आपल्या राजवाड्याशेजारी अमानुस पर्वतासारखे उद्यान केल्याचे तो अभिमानाने सांगतो. त्याच्या नातवाच्या, म्हणजे अशुरबनिपालच्या राजवाड्यातील एका शिल्पपटावर, जो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, झाडीने भरलेली टेकडी आणि कमानींवरून तिच्याकडे नेलेले पाणी स्पष्ट दिसते. उंचावरच्या बागेचा खरा प्रश्न नेहमी पाण्याचाच असतो. मुंबईत मलबार टेकडीवर ‘झुलती बाग’ याच नावाने ओळखली जाणारी बागदेखील एका जलाशयाच्या छतावर वसलेली आहे. सेन्नाखेरिबने निनेवेसाठी डोंगरांतून कालवे आणले होते आणि त्यांपैकी एक कालवा जेर्वान येथे दरी ओलांडतो, तो सुमारे 280 मीटर लांबीच्या दगडी जलसेतूवरून. सुमारे 20 लाख दगडांच्या या सेतूवर ते पाणी निनेवेकडे नेल्याचा राजाचा लेख आजही वाचता येतो.

या मताविरुद्ध जाणारी गोष्टही तितक्याच प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. बागा सांगणारे ग्रीक आणि रोमन लेखक एकमुखाने बॅबिलोनचेच नाव घेतात, आणि बेरोसस तर त्याच नगरातला होता. त्याने आपल्या गावाचा परक्याशी घोटाळा केला असे मानणे सोपे नाही. सेन्नाखेरिबने इ.स.पू. 689 मध्ये बॅबिलोन उद्ध्वस्त केल्यानंतर ते नाव निनेवेलाही लागू होऊ लागले, हे डॅली यांचे स्पष्टीकरण विचारार्ह असले तरी सर्वमान्य झालेले नाही. पाण्याचा आणि समकालीन लेखांचा पुरावा निनेवेकडे झुकतो, परंपरेची साक्ष बॅबिलोनकडे. आणि या दोहोंत समकालीन लेखांना अधिक वजन द्यावे हेच इतिहासाच्या शिस्तीला धरून आहे.

सामान्य वाचकाला इतक्या खोलात शिरण्याची गरज नसते, असा आक्षेप यावर घेतला जातो. हा आक्षेप वाचकाला कमी लेखणारा आहे. राणीच्या माहेरओढीची कथा ज्याला गोड वाटते, त्याला कोठीतील तेलाच्या हिशेबाची आणि दरी ओलांडणाऱ्या पाण्याची हकिगत नीरस वाटेल असे समजण्यास कोणताही आधार नाही. पाठ्यपुस्तकाच्या त्याच पानावर, त्याच उत्तराखाली, एवढे एक वाक्य सहज मावू शकते: या बागांचा उल्लेख बॅबिलोनच्या कोणत्याही राजाच्या लेखात सापडत नाही, आणि काही अभ्यासक त्यांची जागा निनेवे येथे मानतात. परीक्षेत हे वाक्य विचारले गेले, तर त्याचे उत्तर लिहिताना विद्यार्थ्याला पुरावा आणि आख्यायिका यांची तुलना करावी लागेल.