उसने आणलेले अवजार जळाले तर

होळी झाली की आपल्या जालना जिल्ह्यात गोठे जळाल्याच्या बातम्या सुरू होतात. तालुका कधी भोकरदन असतो, कधी मंठा, कधी घनसावंगी. चित्र मात्र तेच. पत्र्याचा गोठा, लगत कडब्याची गंजी, कोपऱ्यात तुराट्या-पऱ्हाट्या आणि आत कुट्टी मशीन, फवारणीचा पंप, ठिबकच्या नळ्या. वाऱ्याने विजेच्या तारा एकमेकींना घासतात, ठिणगी पडते. नाहीतर कुणीतरी बांधावरचे गवत पेटवून घरी जेवायला गेलेला असतो. घटकाभरात सगळ्याची राख होते.

मग माणसे जमतात आणि कुजबुज सुरू होते. एक म्हणतो नशीब, दुसरा म्हणतो काहीतरी पाप भोवले असेल. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हाही लोक असेच बोलत असावेत. ती माणसे इतरांपेक्षा जास्त पापी नव्हती, असे प्रभू येशूने साफ सांगितले (लूक १३). तेव्हा ज्याचा गोठा जळाला त्याच्या पापांचा हिशेब आपण मांडायचा नाही, एवढे तरी पक्के झाले.

पण जळालेल्या गोठ्यात दुसऱ्याचा रोटाव्हेटर होता, तर? हा प्रश्न जास्त अवघड आहे आणि तो आपल्या गावांतलाच आहे. प्रत्येकाला प्रत्येक अवजार घेणे परवडत नाही, म्हणून पेरणी यंत्र, पंप, रोटाव्हेटर या घरातून त्या घरात फिरत असतात. उसने आणणाऱ्याची काहीच चूक नाही, त्याचे स्वतःचेही सगळे गेले. त्याने भरून द्यावे का?

निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात यावर नियम आहे. त्या काळी यंत्रे नव्हती, तेव्हा तो जनावराविषयी आहे. मालक सोबत नसताना उसने आणलेले जनावर मेले, तर आणणाऱ्याने भरून द्यावे. मालक जवळ असेल तर देणे लागत नाही. भाड्याने आणले असेल तर नुकसान भाड्यातच आले. हा नियम पहिल्यांदा वाचताना कठोर वाटतो. आम्हाला मात्र त्यात मोठा मान दिसतो. ज्याचे सर्वस्व जळाले त्यालाही हा नियम भिकारी समजत नाही. त्याच्या शब्दाची किंमत आगीनंतरही तेवढीच धरतो. आता मालकाने सोडून द्यायचे ठरवले, किंवा हप्ते पाडून दिले, तर ती त्याची दया. पण माफी मालकाने द्यायची असते. आणणाऱ्याने ती मनातल्या मनात घेऊन टाकायची नसते.

त्याच अध्यायात काट्याकुट्यांना लागलेल्या आगीचाही उल्लेख आहे. ती पसरून दुसऱ्याचे धान्य जळाले, तर आग लावणाऱ्याने भरपाई द्यावी. आपल्याकडे बांध पेटवणारा बहुधा गप्प बसतो. मिस्साच्या सुरुवातीला छातीवर हात मारणारे आपण, पंचनाम्याच्या वेळी मात्र जीभ रेटत नाही! पापनिवेदनात क्षमा मिळाली तरी केलेले नुकसान शक्य तितके भरून द्यावे लागते, ही ख्रिस्तसभेची जुनी शिकवण आहे.

बाहेरून भरपाई फारशी येत नाही, हेही ओळखून असावे. ट्रॅक्टरचा नुसता थर्ड पार्टी विमा असेल, तर आपल्या जळालेल्या ट्रॅक्टरसाठी दमडीही मिळत नाही. पीकविमा शेतातल्या पिकाचा, गोठ्यातल्या यंत्राचा नव्हे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत दुभत्या गाई-म्हशीला ३७,५०० रुपये आणि घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,००० रुपये होते. तीन हजारांत पत्रे तरी किती येतात? तरीही तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा, फोटो काढावेत, खरेदीच्या पावत्या गोठ्यात न ठेवता घरात ठेवाव्यात.

जुन्या लोकांना इर्जिक आठवत असेल. अडलेल्याच्या शेतावर गावातले बैल-नांगर एका दिवसासाठी जमत आणि त्याच्या घरी जेवून परतत. जर्मनीच्या उत्तरेकडील खेड्यांत शेतकऱ्यांचे आगीसाठीच मंडळ असे. एकाचे घर जळाले की बाकीच्यांनी लाकूड, पेंढा आणि श्रम द्यायचे, असा करार असे. त्यात कुणाची चूक किती, हे विचारून लाकूड मोजत नसत, असे आम्हाला वाटते. आपल्यालाही मृगाआधी एक दिवस ट्रॅक्टर घेऊन त्याच्या बांधावर उभे राहता येईल, आणि रोटाव्हेटरच्या हप्त्यातला एखादा हप्ता चार घरांत वाटून घेता येईल.

उन्हाळा आहे. कुणाचे अवजार तुमच्याकडे आले असेल, तर ते गंजीजवळ ठेवू नका. ट्रॅक्टर उभा करताना सायलेन्सरजवळ अडकलेला भुसा काढा, बॅटरीची तार सोडवा, डिझेलचा कॅन दुसरीकडे ठेवा. ओला कडबा रचू नका, तो आतून तापतो. आणि काम झाले असेल, तर अवजार आजच परत करून या.