दोष नसेल, देणं आहे

देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ साली आमच्या तारापूरला सुरू झालं. अणुभट्ट्या अमेरिकेच्या, जमीन इथली. पुढे तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली.

वीज केंद्र, एमआयडीसी आणि रेल्वे यांच्या जोरावर बोईसर वाढलं. बाबांना कारखान्यात नोकरी लागली, त्या पगारावर मी इंजिनिअर झालो. आज कोड लिहितो.

मी कुणाची जमीन घेतली नाही, हे खरं. पण फायदा वारशाने घ्यायचा आणि त्याची किंमत मात्र ‘इतिहास’ म्हणून झटकायची, हे पटत नाही. दोष माझा नसेल; देणं माझं आहे. निदान पोफरणचा माणूस हक्काचं मागतो, तेव्हा त्याला ‘विकासाच्या आड येणारा’ म्हणायचं नाही, एवढी सुरुवात तरी माझ्या हातात आहे.