कुंपणाआतली भूक

ताकारीहून देवराष्ट्र्याकडे जाताना सागरेश्वरची खिंड लागते. एप्रिलमध्ये तिथे उभे राहिले की खाली कृष्णाकाठचा हिरवागार ऊस दिसतो आणि वर वाळून करडी पडलेली टेकडी. मधे तारेचे कुंपण. काही वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी आम्ही मुलाबाळांसह तिथे थांबलो होतो. कुंपणाआड चार-पाच हरणे उभी होती. त्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या. मुलांनी डब्यातल्या भाकरी आणि कलिंगडाच्या साली पलीकडे टाकल्या. अम्मी म्हणाल्या, "सवाब का काम है, डालो बच्चों."

शेजारच्या बांधावर एक शेतकरी बसला होता. तो उठून आला आणि शांतपणे म्हणाला, "चाचा, तुम्ही भाकरी टाकून घरला जाशिला. रातीला ती माज्या मक्यात उतरत्यात. त्यांचं पोट कुणी भरायचं, ते एकदा ठरवा."

आम्हाला उत्तर सुचले नाही. परतीच्या वाटेवर गाडीत कुणीच फारसे बोलले नाही. भुकेल्या जनावराला खायला घालणे यात ठरवण्यासारखे काय आहे, असे आम्हाला आजवर वाटत होते. पण त्या माणसाचा प्रश्न खरा होता, आणि तो अजून आमच्या मागे लागलेला आहे.

सागरेश्वरची गोष्ट सांगली जिल्ह्यात बहुतेकांना ठाऊक आहे. कडेगाव, वाळवा आणि पलूस तालुक्यांच्या सीमेवरच्या या उघड्याबोडक्या डोंगरावर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून झाडे उभी राहिली. सांबर, चितळ, काळवीट बाहेरून आणून सोडले गेले. १९८५ साली अभयारण्य जाहीर झाले आणि पुढे त्याला देवराष्ट्र्यात जन्मलेल्या यशवंतराव चव्हाणांचे नाव मिळाले. माणसाने हाताने वाढवलेले जंगल म्हणून त्याचे कौतुक झाले, आणि ते रास्तच होते. पण हे जंगल जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचे. त्यात बारमाही पाणी नाही, ते पुरवावे लागते. भोवती कुंपण. हरणांची संख्या आटोक्यात ठेवील असा वाघ नाही. चितळाची वीण वर्षात केव्हाही होते. पावसाळ्यात जे रान सगळ्यांना पुरते, ते उन्हाळ्यात पुरत नाही. मग जिथे तार वाकली असेल तिथून हरीण बाहेर पडते आणि समोर ताकारी योजनेच्या पाण्यावर पोसलेले पीक असते.

अम्मींचे म्हणणे चुकीचे नव्हते. तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून पायातल्या मोज्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाची हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्याचे गुनाह माफ झाले. मुक्या जिवावर केलेल्या दयेचाही मोबदला आहे, हे तिथे स्पष्टच सांगितले आहे. पण आणखी एक हदीस आहे, ती आपण कमी सांगतो. एका बाईला मांजरीमुळे अजाब झाला. तिने मांजर कोंडून ठेवले, खायला दिले नाही, आणि जमिनीवरचे किडेमकोडे स्वतः शोधून खावे म्हणून सोडलेही नाही. त्या बाईचा गुन्हा नीट पाहायला हवा. उपाशी मांजर जगात पुष्कळ असतात. त्या सगळ्यांचा हिशेब तिच्याकडे मागितलेला नाही. जे तिने कोंडले, त्याचाच मागितला आहे.

आमच्या मते या प्रश्नाची किल्ली इथे आहे. मोकळ्या रानातल्या जनावराची भूक आणि कुंपणातल्या जनावराची भूक दिसायला सारखीच. पण आपल्यावरची जबाबदारी सारखी नाही.

कुणी म्हणेल, रोजी देणारा अल्लाह आहे, जमिनीवर चालणाऱ्या प्रत्येक जिवाची तजवीज त्याने केली आहे, मग आपण मधे का पडावे? मोकळ्या रानाबद्दल हे म्हणणे आम्ही मान्य करू. माण-खटावच्या माळावरचे चिंकारा अनेक दुष्काळ पाहत आले आहे. ते पाल्यावर राहते, ठिकाण बदलते. काही मरतात, काही जगतात. यवतेश्वरच्या नाहीतर महाबळेश्वरच्या घाटात गाडी थांबवून माकडांना बिस्किटे देणारे लोक त्यांची भूक भागवत नाहीत, त्यांना रस्त्यावर आणून चाकाखाली घालतात. तिथे हात आवरणे हीच दया. पण ज्याची रोजी शोधण्याची वाटच आपण तारेने बंद केली, त्याच्यासमोर उभे राहून तवक्कुलची भाषा बोलणे आम्हाला शोभत नाही. अशा जनावराला दिलेला चारा सदका नव्हे, ते देणे आहे.

२०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने जनावरांची छावणी चालवली. हजारो गुरे तिथे जगली. 'गुरांना चारा द्यावा का' असे तेव्हा कुणी विचारले नाही, कारण दाव्याला बांधलेले जनावर बांधणाऱ्याच्या जिवावर असते, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. सागरेश्वरचे कुंपण हेही एक मोठे दावेच आहे.

मात्र देणे कसे द्यायचे, हेही पाहावे लागते. आम्ही लहान असताना बकरी ईदसाठी आणलेल्या बोकडाला आम्हा भावंडांनी लाडाने पाटीभर ज्वारी घातली. रात्रीतून त्याचे पोट फुगले आणि पहाटे तो गेला. अब्बा रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "मोहब्बत में मार डाला." हरणाचे पोटही बोकडासारखेच, पाल्याला सरावलेले. त्याला एकदम धान्य नाहीतर भाकरी मिळाली तर तसेच होऊ शकते. शिवाय एका जागी चारा टाकला की सगळा कळप तिथे तोंडे लावतो आणि लाळ-खुरकूतसारखा रोग पसरायला वाट मिळते. आमच्या मुलांच्या भाकरीने त्या दिवशी भले झाले की बुरे, आम्हाला सांगता येणार नाही.

हा पेच आपल्यापुरताच नाही. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात एल्क नावाची मोठी हरणे हिवाळ्यात खालच्या खोऱ्यात उतरत. तिथे गाव आणि कुरणे उभी राहिली, हरणे उपाशी मरू लागली. १९१२ साली त्यांच्यासाठी राखीव जागा केली आणि चारा देण्याची पद्धत पडली. शंभर वर्षे उलटली, तरी ती सोडवणे सोपे राहिलेले नाही. आणि दाटीमुळे रोगाची भीती वाढली आहे. उलट हॉलंडमध्ये, समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर कुंपण घालून हरणे, घोडे आणि गुरे सोडली आणि निसर्गाला त्याचे काम करू द्यायचे ठरवले. २०१७-१८ च्या हिवाळ्यात तिथली तीन हजारांहून अधिक जनावरे गेली. त्यांतली बहुतेक, हाल थांबवण्यासाठी, कर्मचाऱ्यांनीच गोळ्या घालून मारली. लोक कुंपणावरून गवताच्या पेंढ्या टाकत होते. अखेर संख्या माणसानेच मर्यादेत ठेवावी, असे ठरले. एका ठिकाणी नुसते खायला घातले, दुसरीकडे नुसते पाहत राहिले. दोन्हीकडे कुंपणाचा किंवा अडलेल्या वाटेचा प्रश्न तसाच राहिला.

मांजरीच्या हदीसमध्ये त्या बाईपुढे दोन वाटा होत्या: खायला दे, नाहीतर सोड. सागरेश्वरलाही दोन्ही लागतील. टंचाईच्या महिन्यांत पाणी आणि योग्य चारा, जाणकारांच्या हातून, ठिकठिकाणी विभागून द्यावा. आणि जेवढे रान पोसू शकते तेवढीच हरणे तिथे ठेवावीत. इथली चितळे चांदोलीच्या जंगलात नेण्याचे काम वनखात्याने हाती घेतले, ते आम्हाला म्हणूनच पटते. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच चांदोलीत ताडोब्याहून एक वाघीण आणली गेली. तिथे गेलेले चितळ एखादे दिवशी तिच्या तोंडी जाईल. अम्मींना हे ऐकवत नाही. पण वाघापुढून धावत सुटणे आणि तारेला नाक लावून झिजत मरणे, यांत आम्हाला पहिले मरण हरणाचे स्वतःचे वाटते.

उरला तो मक्याचा मालक. आज हे देणे तोच एकटा फेडतो आहे, तेही रात्री, न विचारता. जंगलाचे कौतुक सगळ्या जिल्ह्याचे आणि खर्च एका बांधाचा, हा इन्साफ नव्हे. पिकाच्या नुकसानीची भरपाई सरकारी नियमांत आहे, पण तिच्यासाठी अर्ज लागतो, पंचनामा लागतो, हेलपाटे लागतात.

पुन्हा त्या खिंडीत गेलो तर मुलांच्या हातात भाकरीची पिशवी नसेल. अम्मींना तसे सांगितले आहे. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "तो उस किसान का क्या?" त्याच्या बांधावर बसून त्याचा अर्ज लिहून द्यायचा, एवढे आम्ही ठरवले आहे.